आईचे दोन हजार कुठे अडले?

वाचकाचा प्रश्न : मी कांजूरमार्गला राहतो, खासगी नोकरी करतो. वय ४३. गाव चंदगड तालुक्यात, अगदी हद्दीवर. वडिलांच्या नावावर गावात सव्वादोन एकर आहे. आईला माहेरकडून ३० गुंठे मिळालेत. ते गावापासून चार किलोमीटरवर आहेत, पण बेळगाव तालुक्यात, म्हणजे कर्नाटकात. केंद्राच्या पीएम किसान योजनेचे दर हप्त्याला दोन हजार दोघांनाही सुरुवातीपासून येत होते, वडिलांना महाराष्ट्रातून आणि आईला कर्नाटकातून. वर्षभरापासून दोघांचेही थांबले. वडिलांचे महाराष्ट्र सरकारच्या 'नमो' योजनेचेही थांबले. इकडचं कृषी कार्यालय म्हणतं, आधी तिकडचं मिटवा. तिकडचे म्हणतात, तुम्ही महाराष्ट्रातले. गेल्या पावसाळ्यात दोन्हीकडचं भात आडवं झालं. वडिलांना नुकसानीची मदत मिळाली, आईला नाही. आई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुंबईत होती तेव्हा तिचं इथेही एक खातं काढलं होतं, पण सगळे कागद गावच्या खात्याचे दिलेत. आता वाटतं, सगळी जमीन माझ्या नावावर करून घ्यावी, म्हणजे मुंबईतून ऑनलाइन बघता येईल. नाहीतर आईचा तुकडा मामाला विकून मोकळं व्हावं. एक एजंट दीड हजारात सगळं करून देतो म्हणतो. सीमाभागातल्या माणसाला वाली नाही हेच खरं. भांडायचं तरी कुणाशी?

(पत्र संक्षिप्त केलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.)

उत्तर :

तुमचं मूळ पत्र चार पानांचं होतं आणि त्यातली अडीच पानं सीमाप्रश्नावर होती. राग समजतो. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला आणि कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. म्हणजे तुमच्या पणजोबांच्या काळात तुमच्या आईंचं माहेर आणि सासर एकाच जिल्ह्यात असतं. जिल्हे बदलले, राज्यं बदलली, सोयरीक मात्र होती तशीच चालू राहिली. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला त्यालाही आता वीस वर्षं उलटून गेली.

पण तो दावा बाजूला ठेवून तुमच्या पत्रातले पैसे मी कागदावर वेगवेगळे मांडून बघितले. तुम्ही तीन प्रकारचे पैसे एकाच पिशवीत घातले आहेत: पीएम किसान, नमो आणि नुकसानीची मदत. त्यातले पहिले दोन थांबायला माझ्या मते सीमा कारणीभूत नाही. तुमच्या आईवडिलांचं लग्न कारणीभूत आहे.

थट्टा करत नाही. पीएम किसानचे वर्षाचे सहा हजार दिले जातात ते शेतकरी कुटुंबाला, आणि योजनेच्या नियमात कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अल्पवयीन मुलं. जमीन वेगवेगळ्या गावांत, अगदी वेगवेगळ्या राज्यांत असली तरी कुटुंब एकच धरायचं, लाभ एकदाच द्यायचा. २०१९ मध्ये योजना आली तेव्हा घाई होती. इकडच्या तलाठ्याने सातबारा बघून वडिलांचं नाव दिलं, तिकडच्या यंत्रणेने उतारा बघून आईंचं दिलं. दोघांनीही आपापल्या वहीप्रमाणे बरोबर केलं. एकाची वही दुसऱ्याला दिसत नव्हती, एवढंच. पुढे आधार जोडलं गेलं, ई-केवायसी आली, मग याद्या एकमेकींशी ताडून बघायला सुरुवात झाली. नवराबायको दोघंही लाभ घेत असल्याचा संशय आहे अशी प्रकरणं, आणि १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन नावावर आली अशी प्रकरणं, प्रत्यक्ष पडताळणी होईपर्यंत थांबवली गेली. दोघांचे हप्ते एकाच सुमारास बंद झाले हे तुम्हीच लिहिलंय. दोन राज्यांतली दोन कार्यालयं ठरवून एकाच वेळी आळशी होत नाहीत. हे वरून थांबलेलं दिसतं, आणि इकडचा माणूस 'आधी तिकडचं मिटवा' म्हणाला त्याचा अर्थही तोच असावा. त्याने नीट समजावून सांगितलं नाही, हा त्याचा दोष.

तेव्हा तुमच्या पत्रातलं पहिलं गृहीतक मला खोडून काढायचं आहे. 'दोघांचे हक्काचे पैसे दोन सरकारांनी अडवले' असं तुम्ही लिहिता. दोघांचे नव्हते, एकाचे होते. तुम्ही फसवणूक केली असं मी म्हणत नाही. पण आता नियम कळल्यावर दोघांच्या पैशांसाठी भांडत राहिलात तर दोघांचेही अडकून पडतील.

मी अशा पत्रांना उत्तर देताना स्वतःला एक प्रश्न विचारतो: हा पैसा माणसाच्या मागे जातो की जमिनीच्या? पीएम किसान कुटुंबाच्या मागे जातो. नमो शेतकरी महासन्मान निधी त्याच्या शेपटाला बांधलेला आहे, महाराष्ट्रातून पीएम किसान मिळत असेल तरच तो मिळतो. नुकसानीची मदत, पीक विमा, ठिबकचं अनुदान हे जमिनीच्या मागे जातात, आणि जमीन जिथे आहे त्या राज्याच्या नियमाने जातात. तुमच्या घरी कुटुंब एक आणि जमिनी दोन राज्यांत. म्हणून पहिल्या प्रकारात तुम्हाला एकच बाजू धरावी लागेल, आणि दुसऱ्या प्रकारात दोन्ही बाजूंना स्वतंत्रपणे उभं राहावं लागेल. 'सगळं एकदाच ऑनलाइन' असं काही होणार नाही.

आता बाजू कोणती धरायची? हिशोब सोपा आहे. वडिलांच्या नावाने केंद्राचे सहा हजार आणि त्यावर नमोचे सहा हजार, मिळून वर्षाला बारा. आईंच्या नावाने नुसते सहा. कर्नाटकानेही काही वर्षं स्वतःचे चार हजार वर घातले होते, ते २०२३ मध्ये बंद झाले. तेव्हा आईंचा लाभ सोडायचा आणि वडिलांचा चालू करून घ्यायचा. पोर्टलवर लाभ स्वेच्छेने सोडण्याची सोय आहे. मात्र बटण दाबण्याआधी दोनदा विचार करा, ते पाऊल मागे घेता येईल असं धरून चालू नका. सोडल्याची पावती घ्या, तिच्यासोबत वडिलांचा एक साधा अर्ज जोडा: 'पत्नीच्या नावावरचा लाभ अमुक तारखेला सोडला आहे, कुटुंबात आता मी एकटाच लाभार्थी आहे, पडताळणी करून माझा लाभ सुरू करावा.' अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्या, तलाठ्याकडे नको. महाराष्ट्रात या योजनेची अंमलबजावणी आता कृषी विभाग बघतो, जमिनीच्या नोंदीपुरता भाग महसूलकडे आहे. तलाठी 'हे माझ्याकडे नाही' म्हणतो तेव्हा बऱ्याचदा तो खरं बोलत असतो.

आईंना आजवर मिळालेले हप्ते परत मागितले जाऊ शकतात, हेही सांगून ठेवतो. नोटीस आली तर घाबरू नका आणि फेकूनही देऊ नका. पैसे ऑनलाइन परत करण्याची सोय आहे, भरल्याची पावती जपून ठेवा. वडिलांच्या बाबतीत मात्र नियम तुमच्या बाजूचा आहे. नाव पात्र आहे आणि अपात्रता सोडून दुसऱ्या कुठल्या कारणाने हप्ते थांबले असतील, तर कारण दूर झाल्यावर मधले थकलेले हप्तेही मिळायला हवेत. अर्जात ते आवर्जून लिहा.

हिशोब झाला. पण तुमच्या पत्रात 'आईचे दोन हजार' हे शब्द सात वेळा आलेत आणि आई काय म्हणतात हे एकदाही नाही. त्यांच्या वडिलांच्या जमिनीवर, त्यांच्या स्वतःच्या नावाने, त्यांच्या खात्यात येणारा तो बहुधा एकमेव पैसा असेल. आपल्याकडे माहेरच्या जमिनीत बहिणीचं नाव लागतं ते बऱ्याचदा हक्कसोड पत्रावर सही घेण्यापुरतं. तुमच्या आईंनी ती सही केली नाही, किंवा मामांनी मागितलीच नाही. दोन्ही गोष्टी दुर्मीळ आहेत. आता तुम्ही गावी जाऊन 'तुझं बंद करू, बाबांचं ठेवू, त्यात फायदा आहे' एवढंच सांगितलंत तर हिशोब बरोबर आणि बाकी सगळं चूक होईल. मी दर महिन्याला पाठवतो, असंही म्हणू नका. तो मुलाने दिलेला पैसा झाला. त्यापेक्षा वडिलांनी बँकेत एक लेखी सूचना देऊन ठेवावी, हप्त्याच्या रकमेचा अर्धा भाग आईंच्या खात्यात आपोआप जाईल. वडील तयार होतात का बघा. न झाले तर मात्र हा प्रश्न सरकारचा नाही.

आणि आईंचा खरा अडकलेला पैसा वेगळाच आहे. तिथे सीमा खरोखर आडवी येते.

पाऊस एकच, वारा एकच, भात दोन्हीकडे आडवं. पण मदत जाहीर करणं, पंचनामे करणं, याद्या लावणं हे प्रत्येक राज्य आपापलं करतं. त्यामुळे बांधाच्या इकडे पैसे आले आणि तिकडे आले नाहीत असं होऊ शकतं, त्यात नेहमीच कुणाचा डाव असतो असं नाही. पण 'तुम्ही महाराष्ट्रातले' हे उत्तर मात्र चालणार नाही. नुकसान जमिनीचं झालं आहे आणि जमीन कर्नाटकात आहे. आईंच्या आधारवर पत्ता चंदगडचा असेल, त्याने उताऱ्यावरचं नाव पुसलं जात नाही. असं कुणी पुन्हा म्हटलं तर भांडू नका, 'हेच लिहून द्या' म्हणा. लिहून देण्याची वेळ आली की बरीच तोंडी उत्तरं बदलतात.

तरीही मला वाटतं की आईंचं काम नकारामुळे कमी आणि नोंदीमुळे जास्त अडलं असावं. तीन ठिकाणी बघा.

पहिली जागा उताऱ्यावरचं नाव. आईंना जमीन माहेरकडून आली, म्हणजे वारसा नोंदीत त्यांचं माहेरचं नाव लागलेलं असण्याची शक्यता मोठी. तिकडच्या उताऱ्यावर अजून 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको अशी जुनी रीत दिसते. आधारवर सासरचं नाव, कदाचित लग्नात बदललेलं पाळण्यातलं नावसुद्धा. त्यात नाव कन्नडमधून इंग्रजीत गेलं की आणखी बदलतं. आपण 'ज्ञ' लिहायला इंग्रजीत डी, एन, वाय वापरतो, तिकडे जे आणि एन. यंत्राच्या लेखी ही दोन वेगळी माणसं झाली. कर्नाटकात उताऱ्याला आधार जोडण्याची मोहीम झाली त्यात अशी कितीतरी नावं लटकली असणार. उपाय कंटाळवाणा आहे पण आहे: लग्नाचा दाखला किंवा तो नसेल तर 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र, सोबत वारसा नोंदीची प्रत, आणि नाव दुरुस्तीचा अर्ज. अर्ज घेताना पावतीवर 'सकाल'चा क्रमांक मागा. कर्नाटकात ठरावीक मुदतीत सेवा देण्याच्या कायद्याला सकाल म्हणतात, त्या क्रमांकावर अर्ज कुठे आहे ते कळतं. क्रमांकाशिवाय दिलेला अर्ज म्हणजे विहिरीत टाकलेला खडा.

दुसरी जागा एफआयडी. कर्नाटकात शेतकऱ्याची नोंद 'फ्रूट्स' नावाच्या प्रणालीत होते आणि तिथे एक ओळख क्रमांक मिळतो, त्याला सगळे एफआयडी म्हणतात. तो आईंना असणार, नाहीतर आधीचे हप्ते आले नसते. पण त्या क्रमांकाला ३० गुंठ्यांचा सर्व्हे नंबर जोडलेला आहे का, हिस्सा बरोबर आहे का, हे रयत संपर्क केंद्रात, म्हणजे तिकडच्या कृषी खात्याच्या स्थानिक कार्यालयात जाऊन बघावं लागेल. महाराष्ट्रात वडिलांना काढायला लावलेला फार्मर आयडी वेगळा, तो इथल्या जमिनीचा. एक काढला म्हणून दुसऱ्याचं काम होत नाही. आणखी एक बारीक गोष्ट. आपल्याकडे सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर, तिकडच्या उताऱ्यावर एकर आणि गुंठे. वडिलांचे सव्वादोन एकर म्हणजे साधारण ९१ आर, आईंचे ३० गुंठे म्हणजे ३० आर. आर आणि गुंठा जवळपास सारखेच, त्यामुळे घोळ पटकन लक्षात येत नाही. पण एकराच्या रकान्यात हेक्टर भरला गेला तर अडीच पटींचा फरक पडतो आणि यादीतून नाव बाहेर जायला तेवढं पुरतं.

तिसरी जागा बँक खातं, आणि इथे मला तुमच्या पत्रातलं मोतीबिंदूचं वाक्य खटकलं.

मी नोकरीची बरीच वर्षं बँकेत काढली, त्यातली काही ग्रामीण शाखेत. एक आजी दर महिन्याला पासबुक भरून घ्यायला यायच्या. 'आलं का रे पोरा?' मी तीन वेळा मशीनमधून पासबुक काढून दिलं आणि म्हटलं, नाही आलं आजी. चौथ्या वेळी त्या काउंटरपाशीच बसून राहिल्या, म्हणून मी नाइलाजाने नीट बघितलं. नातवाने त्यांचं गॅसच्या अनुदानासाठी दुसऱ्या बँकेत एक खातं काढलं होतं. आठ महिने पैसे तिकडे जाऊन पडले होते. आधारवर पाठवलेला पैसा तुम्ही फॉर्मवर लिहिलेला खाते क्रमांक बघतच नाही. तो आधार क्रमांक बघतो, आणि ज्या बँकेने तो आधार सर्वांत शेवटी जोडून घेतला तिथे जाऊन पडतो. मला हे माहीत होतं. तरी तीन महिने मी त्यांना परत पाठवलं, कारण पासबुकात दिसत नाही म्हणजे आलं नाही असं म्हणणं सोपं होतं.

तुमच्या आईंचं मुंबईतलं खातं काढताना आधार दिलं असणार आणि बँकेने ते जोडून घेतलं असणार. तेव्हा गावच्या पासबुकात नाही म्हणून नुकसानीची मदत मिळाली नाही, असा निष्कर्ष काढू नका. आज रात्रीच माय आधारच्या संकेतस्थळावर आईंचा आधार क्रमांक टाकून कुठली बँक जोडलेली आहे ते बघा. मग त्या मुंबईच्या खात्याचं पासबुक भरून आणा. कदाचित पैसे तिथे असतील. नसतील तरी एक शंका मिटेल आणि गावची बँक पुन्हा जोडून घेता येईल. वडिलांचंही तसंच बघून टाका. पीएम किसानच्या पोर्टलवर नोंदणी क्रमांक टाकलात की ई-केवायसी, जमिनीची नोंद आणि आधार-बँक जोडणी या तिन्हींपुढे हो किंवा नाही दिसतं. वडिलांचे अंगठ्याचे ठसे उमटत नसतील, शेतात राबणाऱ्या म्हाताऱ्या हातांचे उमटत नाहीतच, तर योजनेच्या मोबाइल ॲपवर चेहरा दाखवून ई-केवायसी होते. त्यासाठी तालुक्याची फेरी नको.

हे सगळं कशासाठी? केंद्राच्या निकषांत कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये आहेत, तेही नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तर. आईंच्या ३० गुंठ्यांचे होतात अडीच हजारांच्या आसपास. राज्याने वर काही घातलं तर थोडे जास्त. कांजूरमार्गहून बेळगावची एक फेरी रजेसकट त्याहून महाग पडते. मी तुमच्या जागी असतो तर फक्त या मदतीसाठी गेलो नसतो. पण नावाची दुरुस्ती एकदा केली की ती विम्याला लागते, पुढच्या नुकसानीला लागते, बियाण्याच्या सवलतीला लागते, आणि उद्या तुमच्या नावाने वारस नोंद करायची वेळ येईल तेव्हा सर्वांत जास्त लागते. जाणारच असाल तर त्यासाठी जा.

तिकडच्या कार्यालयात अर्ज मराठीत द्यायचा की कन्नडमध्ये, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण असं कुठलंही पत्र या मुद्द्यावर येऊन थांबतं. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाप्रमाणे गाऱ्हाणं त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडता येतं. हा हक्क खिशात असू द्या आणि अर्ज कन्नडमध्ये द्या, खाली मराठी प्रत जोडा. काही वाचकांना हे पटणार नाही, त्यांची पत्रं येतील. मला वाटतं, जो कारकून अर्ज वाचणार आहे त्याला तो वाचता यावा, एवढाच यातला विचार.

आता तुमचे तीन उपाय. जमीन तुमच्या नावावर करण्याचा विचार सोडून द्या. महाराष्ट्रात मुलाला शेतजमीन बक्षीस द्यायला दोनशे रुपयांचा मुद्रांक लागतो, म्हणून ते सोपं वाटतं. पण १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन नावावर आली तर पीएम किसानला पात्र होता येत नाही, अपवाद फक्त मृत्यूनंतर वारसाने आलेल्या जमिनीचा. शिवाय तुम्ही प्राप्तिकर भरता, त्यामुळे तसेही बाद. तुम्ही सज्ञान मुलगा आहात म्हणून तुमचा कर आज वडिलांच्या आड येत नाही. जमीन तुमच्या नावावर आली की येईल. म्हणजे बारा हजार सुरू करायला निघालात आणि कायमचे घालवून बसलात. आणि १९८२ च्या संपानंतर गिरणी सुटून गावी गेलेल्या, चाळीसहून जास्त वर्षं त्याच मातीत राबलेल्या तुमच्या वडिलांना आता स्वतःच्या नावाचा सातबारा दिसणार नाही. तुम्हाला मुंबईत बसून ओटीपी मिळावा म्हणून एवढं? ओटीपीचं दुखणं खरं आहे, पण त्याला उपाय आधारचा मोबाइल क्रमांक बदलण्याचा आहे, मालक बदलण्याचा नाही. घरात जो रोज असतो त्याचा क्रमांक जोडा. तुम्हाला कळेल उशिरा, काम होईल लवकर.

ज्यांची परिस्थिती थोडी वेगळी आहे, म्हणजे एकाच माणसाच्या नावावर दोन्ही राज्यांत जमीन, त्यांच्यासाठी दोन ओळी. पीएम किसान एकाच राज्यातून घ्या, दुसरीकडे अर्ज भरला असेल तर स्वतःहून मागे घ्या. जमिनीच्या योजनांसाठी मात्र दोन्हीकडची नोंद जिवंत ठेवा, आणि पीक नोंद दर हंगामाला दोन्हीकडे तपासा. इकडे ई-पीक पाहणी शेतकऱ्याने स्वतः ॲपवर करायची असते, तिकडे पीक सर्व्हे करायला माणूस येतो. तो बांधावर आला तेव्हा तुम्ही दुसऱ्या राज्यातल्या शेतात असाल तर पडीक लिहून जाण्याची शक्यता असते.

दोन्ही बाजूंनी महिनाभर काहीच हललं नाही तर माहितीचा अधिकार वापरा. दहा रुपये, तीस दिवस. दोन्ही राज्यांत अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो, म्हणून 'सीमाभागावर अन्याय का' असं विचारू नका. 'अमुक नोंदणी क्रमांकाचा लाभ कोणत्या तारखेला, कोणत्या कारणाने, कोणत्या अधिकाऱ्याच्या नोंदीने थांबवला' एवढंच विचारा. पीएम किसानची मदतवाहिनी १५५२६१ आहे. लागायला वेळ लागतो, पण फोनवर कारण कळलं तरी अर्ज नेमका लिहिता येतो.

एजंटाबद्दल फार लिहीत नाही. यातलं त्याला काहीही तुमच्यापेक्षा जास्त करता येत नाही, आणि त्याला लागणार आहे नेमकं तेच जे द्यायचं नाही: आधार आणि ओटीपी. झेरॉक्स दिली असेल तर दिली, ओटीपी देऊ नका.

राहिला मामांना तुकडा विकण्याचा विचार. विकायचा की नाही ते आई ठरवतील, जमीन त्यांची आहे. पण आधी मामांना एक काम सांगा. त्यांना कन्नड येतं, ते तिथले मतदार आहेत, रयत संपर्क केंद्रातला माणूस त्यांना तोंडओळखीने ओळखत असेल. त्यांनी बहिणीला सोबत नेऊन एफआयडीला सर्व्हे नंबर जोडलाय का आणि उताऱ्यावर नाव कसं लागलंय, एवढं बघून यावं. दोघं एका सकाळीत जाऊन येतील. फोन करताना विकण्याचा विषय काढू नका.